चिंधी बांधलेली काच

काचमामाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. चारला डोळे उघडायचे, सव्वाचारला स्टोव्हवर चहा, साडेचारला तो कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मागच्या दाराशी. पाचला भट्टीत पहिलं फावडं पडायचं. सातला भोंगा व्हायचा, तोवर रंगखात्याला वाफ द्यायची. त्याला दोन तास लागतात. थंड बॉयलर घाईने तापवला की लोखंड कण्हतं आणि जोड सुटायला लागतात. लोकांना वाटतं, पाणी उकळलं की झाली वाफ. पण पातेलं उतू गेलं तर स्टोव्ह विझतो, बॉयलर फुटला तर गल्ली विझते.

बॉयलरच्या तोंडावर दोन उभ्या काचेच्या नळ्या होत्या, एक डावी, एक उजवी. आत पाणी किती आहे ते त्यांत दिसायचं. बॉयलरवाल्याचं सगळं शहाणपण त्या काचांत. पाणी जास्त झालं तर वाफ ओली होते, कमी झालं तर तापलेलं लोखंड उघडं पडतं, आणि मग देव आठवायलाही वेळ मिळत नाही. एकतीस वर्षं तो त्या दोन नळ्यांकडे बघत आला होता. बोलताना माणसाकडे बघायचा नाही, काचेकडे बघायचा. म्हणून काचमामा. त्याचं खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं आणि तिथेच राहिलं.

त्याला या कामावर आणणाऱ्या म्हाताऱ्या बॉयलरवाल्याने पहिल्याच दिवशी एक सवय लावली होती. म्हातारा मध्येच पाठीमागून ओरडायचा, "पाणी किती?" आणि मामाने वळून न बघता सांगायचं. अर्ध्यावर. अर्ध्याला एक बोट कमी. अर्ध्याच्या वर दोन बोटं. चुकलं की पाठीत गुद्दा. म्हातारा गेला, गुद्दे थांबले, सवय राहिली. बाजारात जरी कुणी गमतीने विचारलं, "मामा, पाणी किती?" तरी तो कारखान्यातून निघतानाचं पाणी सांगायचा, बोटांसकट. लोक हसायचे. तोही हसायचा. पण आकडा खरा असायचा.

दुसरी सवयही त्या म्हाताऱ्याचीच. काच साफ करायला किंवा तिचं वायसर बदलायला एका बाजूचे कॉक, म्हणजे नळीच्या वरखालच्या तोट्या, बंद करावे लागतात. मग ती काच रिकामी दिसते, आणि अनोळखी माणूस फसतो. म्हणून बंद काचेला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे म्हणजे ही काच वाचू नका, दुसरी बघा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. जे तिथे काम करत त्यांना ठाऊक होतं.

एकतीस वर्षांत मामाच्या कार्डावर एकच काळी ओळ होती. ती एकोणीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा पाण्याच्या टाकीत हातभर गाळ साचला होता. मामाने तीनदा सांगितलं की टाकी साफ करायला एक दिवस द्या. मालक म्हणाले, ही ऑर्डर जाऊ दे. ऑर्डर जायच्या आत पंपाची जाळी गाळाने बुजली. पंप नुसताच ठकठक करत राहिला आणि दोन्ही काचांतलं पाणी बघता बघता खाली उतरलं. मामाने खालचा कॉक उघडून पाहिला. पाणी नाही, नुसती वाफ. अशा वेळी नवीन पाणी आत सोडायचं नसतं. तापल्या तव्यावर पाणी टाकलं की काय होतं ते घरातल्या बायकांनाही ठाऊक असतं. अशा वेळी एकच काम, आग ओढायची. लांब लोखंडी आकड्याने जळता कोळसा भट्टीतून बाहेर खेचायचा आणि राखेने दाबायचा. मामाने आणि कोळसेवाल्याने वीस मिनिटांत भट्टी रिकामी केली. मामाच्या भुवया जळाल्या त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत.

बॉयलर वाचला. पण रंगखात्याची वाफ तुटली, आणि हौदात होतं तेवढं कापड डागाळलं.

मालक तणतणत आले. "आधी विचारायचं कुणाला?"

मामा म्हणाला, "विचारायला आलो असतो साहेब, तर उत्तर ऐकायला कुणी उरलं नसतं."

खरं तर एवढं बोलायला नको होतं. भुवया ताज्या जळालेल्या होत्या, म्हणून बोलून गेला. आठवड्याने घरी दंडाचा कागद आला. मामाला अक्षर लावून वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्याने तो मुलीकडे दिला. मुलगी दुसरीत होती. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "नि-ष्का-ळ-जी-प-णा. बाबा, केवढा मोठा शब्द. म्हणजे काय?"

"ज्याला काळजी नाही, तो."

"कुणाला काळजी नाही?"

"वाच पुढे," मामा म्हणाला.

तो शब्द मग घरातच राहिला. कप फुटला, दूध उतू गेलं, मुलीची छत्री शाळेत राहिली, की बायको म्हणायची, "बापावर गेलीस." थट्टेनेच म्हणायची, पण एकोणीस वर्षं थट्टा केली की थट्टेलाही घट्टा पडतो. एकदा मामाने तिला सगळं समजावून सांगितलं, टाकी, गाळ, जाळी. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "असेल. पण एवढे मोठे लोक उगाच लिहितील का?" मामा पुन्हा सांगायला गेला नाही.

निवृत्तीला तीन महिने राहिले तेव्हा ही ओळ त्याला टोचायला लागली. कारखान्यातून जाणाऱ्या माणसाला एक छापील कागद मिळायचा. त्यावर 'वर्तणूक' असा रकाना असायचा, आणि कार्ड स्वच्छ असेल तर तिथे 'चांगली' लिहायचे. मामाला तो एक शब्द हवा होता. मुलगी आता शाळेत शिकवत होती. तिच्या हातात एकदा तो कागद द्यायचा आणि म्हणायचं, वाच मोठ्याने. एवढंच.

ऑफिसातल्या कारकुनाला त्याने विचारलं. कारकून कार्ड बघून म्हणाला, "मामा, ही ओळ फक्त मालक खोडू शकतात. बरा मूड बघून जा."

मामा मूड बघत राहिला. त्यात महिना गेला.

मालकांचा पुतण्या त्या वर्षी शिकून कारखान्यात आला होता. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणत. पोरगा वाईट नव्हता. मामाला 'तुम्ही' म्हणायचा, बॉयलरखान्यात यायचा, वहीत काहीबाही लिहून घ्यायचा. पण त्याला वही कळायची, धग कळायची नाही.

त्या दिवशी डाव्या काचेचं वायसर गळत होतं. मामाने डावे कॉक बंद केले, चिंधी बांधली, उजवी काच पाहिली. अर्ध्याच्या वर दोन बोटं. मग नवं वायसर आणायला तो समोरच्या कोठारात गेला. कोळसेवाला भट्टीशी होता. मामा जेमतेम दहा मिनिटं गेला असेल. तेवढ्यात धाकटे साहेब आले. दुसऱ्या दिवशी तपासणीचे लोक यायचे होते, सगळं नीटनेटकं हवं होतं. त्यांनी काचेवर लटकलेली चिंधी पाहिली, कुणीतरी वाळत घातलीय असं त्यांना वाटलं, आणि ती सोडून कोळशाच्या ढिगावर टाकली. मग काच पाहिली. काच रिकामी.

घाबरलेल्या माणसाला एकच काच दिसते. धाकटे साहेब ओरडले, "पाणी संपलंय, आग ओढा!" कोळसेवाल्याने मान वर करून उजव्या काचेकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि आकडा उचलला. हुकूम तो हुकूम.

मामा धावत आला तेव्हा अर्धी भट्टी बाहेर होती आणि खोलीभर धूर. रंगखात्यातला एक हौद वाया गेला. मामाने डावे कॉक उघडले. नळीत पाणी सर्रकन चढलं आणि अर्ध्याच्या वर दोन बोटांवर थांबलं. धाकट्या साहेबांचा चेहरा त्या नळीपेक्षाही पारदर्शक झाला.

"मग ती चिंधी कशाला होती?"

"काच बंद आहे हे कळावं म्हणून."

"मला कसं कळणार?"

मामाला ते पटलं. खरंच, त्यांना कसं कळणार?

तोवर बातमी दारातून बाहेर पडली होती. रंगखात्यात पोचेपर्यंत ती अशी झाली, की धाकट्या साहेबांनी कारखाना वाचवला. मालकांच्या खोलीत पोचेपर्यंत ती तशीच पक्की झाली. संध्याकाळी कोळसेवाला हात धुताना म्हणाला, "मामा, आपण विझवली की भट्टी विझते. साहेबांनी विझवली की संकट विझतं."

मामाला हसू आलं नाही.

सुटीच्या भोंग्यानंतर धाकट्या साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "मामा, काकांना वाटतंय पाणी खरंच खाली गेलं होतं. ते फार खूश आहेत. मी आता काय सांगू त्यांना? उद्या ते सगळ्यांसमोर तुम्हाला विचारतील. तुम्ही फक्त हो म्हणा. तुमच्या कार्डावरची ती ओळ मी खोडून घेतो. माझा शब्द."

मामा घरी आला, जेवायला बसला आणि सगळं सांगितलं. बायकोचा चेहरा उजळला. "मग म्हणा की हो. तोंडाला काय कर लागतो?"

मुलगी वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली. "बाबा, पाणी खाली गेलं होतं म्हणालात, तर ते जाऊ दिलं कुणी? भट्टीवर तर तुम्हीच होतात."

मामा घास हातात धरून थांबला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. धाकटे साहेब हुशार ठरायचे तर तो निष्काळजी ठरायलाच हवा. दोघांना एकदम चांगलं व्हायला जागाच नव्हती.

"त्यांनी शब्द दिलाय ना," बायको म्हणाली. "जुनी ओळ जातेय ना? मग झालं. नवी कशाला येईल?"

"येणार नाही," मामा म्हणाला. "मी हो म्हणतो." आणि त्याने ते ठरवलंच. झोपताना दोनदा मनाशी म्हणून पाहिलं. हो साहेब, खाली गेलं होतं. जड वाटलं, पण जमण्यासारखं होतं. त्याने याहून जड वस्तू उचलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. मालक पायरीवर, शेजारी धाकटे साहेब, त्यांची नजर जमिनीवर. मालक म्हणाले, असा प्रसंगावधानी माणूस घरात आहे हे भाग्य. म्हणाले, नुकसान काय भरून निघतं, जीव भरून निघत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मामाच्या ओठांवर होतं, फक्त ते म्हणायला त्याच्या पायाखाली पायरी नव्हती.

मग मालक त्याच्याकडे वळले. त्यांनी विचारलं असतं, 'पाणी खाली गेलं होतं ना?' तर मामा 'हो' म्हणून मोकळा झाला असता. सगळी तयारी त्याच प्रश्नाची होती. पण मालकांना कारखान्याची जुनी गंमत ठाऊक होती. त्यांनी हसत विचारलं, "काय मामा, पाणी किती?"

"अर्ध्याच्या वर दोन बोटं," मामा म्हणाला.

शब्द निघून गेला तेव्हा तो स्वतःच दचकला. पाठीत गुद्दा बसेल म्हणून नव्हे, पण तेवढ्याच वेगाने उत्तर आलं होतं. अंगणात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"वर?" मालक म्हणाले. "मग आमच्या पुतण्याला काय स्वप्न पडलं?"

मामा सांगायला लागला. डावी काच, वायसर, कॉक, चिंधी. त्याला बोलायची सवय नव्हती. त्याने आधी वायसरचं सांगितलं, मग चिंधीचं, मग पुन्हा वायसरचं. सरळ गोष्ट त्याच्या तोंडात लबाडीसारखी वाटायला लागली. मालकांनी हात वर केला.

"कुठली चिंधी? कुणी पाहिली?"

धाकटे साहेब बुटाकडे बघत राहिले. मालकांनी कोळसेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "माझं लक्ष कोळशात असतं, साहेब."

झालं. परवानगीशिवाय काच बंद केली आणि जागा सोडली, म्हणून दंड आठ दिवसांच्या पगाराचा. आणि कार्डावर ओळ.

मामा बॉयलरखान्यात परतला. पाणी पाहिलं, दोन फावडी कोळसा टाकला. मग कोळसेवाल्याला म्हणाला, "तू पाहिली होतीस चिंधी."

"पाहिली होती. साहेबांनी टाकल्यावर ती फावड्याबरोबर भट्टीत गेली, तेही पाहिलं."

"मग?"

कोळसेवाला ढिगाच्या कडेला टेकला. "मामा, एक विचारू? मागे एकदा मी इथेच बसलो होतो. तुम्ही हजेरीवाल्याला सांगितलंत, हा बसून राहतो, कामचुकार आहे. माझा अर्धा दिवस कापला. मला ताप होता. तुम्ही विचारलं नाही."

मामाला ते आठवत होतं. नीट आठवत होतं. त्याच ढिगाशेजारी एकदा मालक आले होते, तेव्हा मामाने स्टूल पुसून दिलं होतं आणि म्हणाला होता, बसा साहेब, दमला असाल. मालक चालत आले होते ते फक्त फाटकापासून.

"मग तू सूड घेतलास?"

"नाही हो. राग कधीच गेला. पण घरात चार तोंडं आहेत. तुमचे दोन महिने राहिलेत, माझी अकरा वर्षं. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय पाहिलं असतंत?"

मामाने काचेकडे पाहिलं. "कोळसा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ताप किती होता रे?"

"आता काय विचारता," कोळसेवाला म्हणाला आणि फावडं उचललं.

दुसरा कागद घरी आला तेव्हा मुलीनेच तो उघडला. तिने तो मनातल्या मनात वाचला. मोठ्याने वाचला नाही. घडी घालून वह्यांखाली ठेवला आणि उठून बापासाठी चहा टाकला. चहा उतू गेला. बायको बघत होती, पण काही बोलली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोटं मोजायला?"

"मोजली नाहीत," मामा म्हणाला. "दिसली."

महिनाअखेरीला धाकट्या साहेबांचा सत्कार झाला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं मोठं घड्याळ, किल्ली देऊन चालणारं, खाली पितळी पट्टी, पट्टीवर 'प्रसंगावधानाबद्दल'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानेही वाजवल्या. न वाजवणाऱ्यांकडे लोक बघतात. दोन दिवसांनी धाकटे साहेब स्वतः ते घड्याळ घेऊन बॉयलरखान्यात आले. म्हणाले, "इथे घड्याळ नाही ना मामा. इथेच राहू दे." नजर त्यांनी तेव्हाही वर केली नाही. माणूस वाईट नव्हता. त्याला कधी वाईट व्हावंच लागणार नव्हतं, तशी सोय होती.

घड्याळाची किल्ली मामाकडे आली. दर सोमवारी बारा फेरे. जास्त दिले तर स्प्रिंग तुटते, कमी दिले तर शनिवारी थांबतं. ते रोज दोन मिनिटं मागे पडायचं. मामा रोज सकाळी भोंग्यानंतर काटा पुढे सरकवायचा.

शेवटच्या आठवड्यात तो कागद घ्यायला ऑफिसात गेला. 'वर्तणूक' या रकान्यात 'निष्काळजीपणाबद्दल दोनदा दंड' असं सुवाच्य लिहिलं होतं. कारकुनाचं अक्षर चांगलं होतं. त्यालाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून तो समजुतीने बोलायला लागला.

"मामा, मालक दंडाचे पैसे काही खिशात घालत नाहीत हं. ते वेगळे ठेवतात, कामगारांच्या भल्यासाठी वापरतात. तसा नियमच आहे."

"बरं आहे."

"यंदा तुमचाच काय तो मोठा दंड होता. त्यातून घड्याळ घेतलं. आणि बघा, आलं कुठे? तुमच्याच बॉयलरखान्यात."

मामाने कागदाची घडी केली. "चांगलं घड्याळ आहे," तो म्हणाला. "दोन मिनिटं मागे पडतं, तेवढंच."

शेवटच्या दिवशीही तो चारलाच उठला. पाचला पहिलं फावडं. सातला वाफ. भोंगा झाल्यावर तो स्टुलावर चढला. त्या भिंतीवर त्याच्या आठ पहाटा टिकटिक करत होत्या, खाली दुसऱ्याचं कौतुक लावून. वार सोमवार होता. त्याने बारा फेरे मोजून दिले, काटा दोन मिनिटं पुढे सरकवला, पट्टीवरची काजळी बाहीने पुसली आणि किल्ली कोळसेवाल्याच्या हातात ठेवली.